डबीतला डोळा

आत्या: हळू बोल. तो आतच आहे, खिडकीत. सकाळपासून भिंग पुसून तुझी वाट बघत बसलाय.

मुलगी: आत्या, खरंच एवढं स्वच्छ दिसायला लागलंय बाबांना?

आत्या: दिसायला लागलंय म्हणजे? आठ दिवस नुसता जीव खाल्लाय माझा. मोतीबिंदूचं ऑपरेशन एका डोळ्याचं आणि ताप सगळ्या घराला. पडदे मळलेत, भिंतीला हात लागलेत, चादर पांढरी म्हणून आणली होती ती पांढरी नाहीच. काल माझ्याकडे टक लावून बघितलं आणि विचारतो कसा, तू एवढी म्हातारी कधी झालीस? म्हटलं, तुझ्या डोळ्यांदेखतच झाले की रे दादा, तू होतास कुठे!

मुलगी: हसू नकोस गं.

आत्या: हसू नको तर काय करू? त्याच्यासमोर रडता येत नाही, आता तेही दिसतं त्याला. जा, बाथरूममध्ये जाऊन खोटा डोळा बदलून ये नेहमीसारखा. त्याचा आणलायस ना?

मुलगी: आणलाय. डबीत आहे. पण आत्या, आज पहिल्यांदाच बदलावासा वाटत नाही. बाबांनी केलेला डोळा आज बाबांना जसा आहे तसा दिसेल. तो पिवळा पडलेला पांढरा, ते निळं बुबुळ. कसं वाटेल त्यांना?

आत्या: मग नको बदलूस. हा बारक्याने, त्याच्या जुन्या चेल्याने केलेलाच राहू दे. कसा बेमालूम झालाय! बघेल आणि खूश होईल.

मुलगी: ओळखतील ना! ज्या माणसाला हाताला धरून घराबाहेर काढलं, त्याच्या हातचा डोळा पोटच्या पोरीच्या चेहऱ्यावर? त्यापेक्षा स्वतःची चूक बघितलेली परवडली. चुकीचं काय, ऑपरेशन झालंय, म्हणतील आता सुधारतो.

आत्या: तुमचं तुम्ही ठरवा बाई. मी आपली इतकी वर्षं बाथरूमच्या दारावर पहारा देतेय, आणखी एक दिवस देईन. जा लवकर. आणि आतला दिवा मिणमिणता आहे, डोळा बेसिनमध्ये पाडू नकोस.

(मुलगी डोळा बदलून वडिलांच्या खोलीत येते.)

वडील: आलीस? तिथे नको उभी राहूस, उजेडात ये. हे स्टूल घे. पाय जपून, खाली रंगाच्या बाटल्या आहेत.

मुलगी: डोळ्यात थेंब घातलेत का?

वडील: घातलेत. तुझी आत्या घड्याळ घेऊन पाठी लागते. बस. लगेच नाही बघणार तुझा डोळा, आधी गंमत सांगतो. मी हा उजवा, ऑपरेशनचा झाकला ना, की सगळी खोली चहात बुडवून काढल्यासारखी दिसते. आणि डावा झाकला की… ती खुर्चीची सावली बघ भिंतीवर. काय रंगाची आहे?

मुलगी: सावलीच्याच. काळपट.

वडील: निळी आहे! किंचित निळी. सावलीत निळा असतो हे मीच बारक्याला शिकवलं आणि मीच विसरून बसलो. परवा दिसली तेव्हा म्हटलं, ही कुठे होती इतके दिवस?

मुलगी: डॉक्टर काय म्हणाले त्याबद्दल?

वडील: म्हणाले, आजोबा, तुमच्या डोळ्यातलं भिंग म्हातारं झालं होतं. ताजं असतं तेव्हा पाण्यासारखं असतं, मग वर्षं जातात तसं पिवळं पडतं, पुढे तपकिरी होतं, शेवटी गढूळ. बाहुलीही लहान होत जाते. म्हणजे आधीच उजेड कमी शिरतो, आणि शिरेल तो आत गेल्यावर नीट एका जागी पडत नाही, विखुरतो. त्यातला निळा तर दारातच अडकतो. आणि माणसाला पत्ता लागत नाही, कारण एका रात्रीत काही होत नाही. रोज केसभर होतं. मी विचारलं, किती वर्षं चाललं असेल हे? तर म्हणाले, दहा-बारा तरी.

मुलगी: बरं झालं ना आता. झालं ते झालं.

वडील: दहा-बारा वर्षं मी डोळे रंगवतोय, बाळ. लोकांच्या तोंडावर बसवायचे. चित्र चुकलं तर माणूस ते भिंतीवरून काढून ठेवतो. डोळा कुठे काढून ठेवणार?

मुलगी: बाबा, आज नको तो विषय.

वडील: आजच. रात्रभर झोप नाही मला. म्हटलं, आधी तुझा बघायचा. तुझ्याइतका जीव मी दुसऱ्या कुठल्याच डोळ्यात ओतलेला नाही. तुझा बरोबर निघाला, तर बाकीचे फार चुकले नसतील. वर बघ. खिडकीकडे. आता माझ्याकडे.

मुलगी: भिंग लगेच नका घेऊ. आधी असंच बघा, लांबून.

वडील: लांबूनच बघतोय… अगं!

मुलगी: काय झालं?

वडील: अगं, सुरेख आहे हा! खरा कुठला, खोटा कुठला सांगता येत नाही. घाऱ्यातली ती राखाडी छटा बघ, बाहेरची कड बघ. पांढराही अगदी तुझ्याच पांढऱ्यासारखा. आणि मी उगाच रात्रभर मेल्यासारखा पडून होतो!

मुलगी: खरंच सारखा दिसतोय?

वडील: खरंच म्हणजे? तुला आरशात दिसत नाही का? ऐकतेयस का गं आत? तुझ्या भावाचा हात शाबूत आहे म्हणावं!

आत्या: ऐकतेय. भिंतीलासुद्धा ऐकू गेलं.

वडील: आणि तो गाढव मला म्हणतो, मास्तर, निळा जास्त होतोय. माझ्याच टेबलावर बसून, गिऱ्हाइकासमोर! म्हणून हाकलला त्याला. पण एवढी वर्षं मनात एक काटा होता, तुला आज सांगतो. वाटायचं, पोरगं खरं बोलत असलं तर? आज निघाला तो काटा. हल नकोस, आता भिंगातून बघतो.

मुलगी: बघितलंत ना बाबा. पुरे झालं. डोळ्याला ताण नको.

वडील: स्वतःचं काम बघायला कसला ताण? पापणी जरा वर धर. ही कड… ह्या शिरा…

मुलगी: काय झालं?

वडील: ही शीर मी घातलेली नाही.

मुलगी: म्हणजे?

वडील: लाल रेशमाचा एकेक धागा सोडवून आम्ही शिरा घालतो, तुला माहीत आहे. माझी शीर कोपऱ्यातून निघते आणि सरळ जाते, पुढे फाटा फुटतो. ही निघाल्यानिघाल्या दोनदा वळते. असं वळण एकच माणूस देतो. हजारदा बोललो असेन त्याला ह्यावरून. हा बारक्याने केलाय.

मुलगी: नाही हो बाबा! हा तुमचाच आहे. शपथ घेते.

वडील: शपथ कशाला घेतेस? माझ्याकडे बघ.

मुलगी: बघतेच आहे. तुमचाच आहे हा. हवं तर आत्याला विचारा.

आत्या: आले, आले. आता मला का मध्ये ओढतेस? पण हो रे दादा, तुझाच आहे. आत्ताच बाथरूममध्ये जाऊन बदलून…

वडील: बदलून? काय बदलून?

आत्या: झालं! माझ्या जिभेला हाड नाही.

वडील: पर्समध्ये काय आहे तुझ्या?

मुलगी: काही नाही.

वडील: डबी काढ.

मुलगी: बाबा…

वडील: मी ओरडत नाहीये. डबी टेबलावर ठेव आणि झाकण काढ.

मुलगी: घ्या. हा बघा बारक्याचा. हो, गेले होते मी त्याच्याकडे. साचा त्याच्याकडे तुमचाच होता, म्हणून बसतोही अगदी तसाच. बाहेर मी हा घालते आणि तुमच्याकडे येताना तुमचा. पुरे? बोला आता काय बोलायचं ते.

वडील: हा बारक्याचा नाही.

मुलगी: आहे. मीच ठेवलाय ना आत्ता.

वडील: हा… हा मी केलाय? हा असा?

आत्या: दादा, पाणी देऊ का?

वडील: पांढरा बघ कसा, जुन्या वर्तमानपत्रासारखा. आणि हे बुबुळ? हे डोळ्याचं आहे की रंगपेटीतून पिळून काढलंय? मला आठवतंय, हा करताना निळा दिसतच नव्हता. थोडा घातला, दिसला नाही. आणखी घातला. दिसेपर्यंत घालत राहिलो. मनात म्हटलं, हल्ली रंगच भेसळीचे येतात. रंगवाल्याशी भांडून आलो होतो मी त्या दिवशी!

मुलगी: तेव्हा तुम्हाला दिसतच नव्हतं. त्यात तुमची काय चूक?

वडील: तुला दिसत होतं ना? मग बोलली का नाहीस?

मुलगी: काय बोलणार होते? दुकानांच्या पाट्या रंगवणारे तुम्ही. माझ्या डोळ्यात गाठ निघाली, डोळा काढला आणि हॉस्पिटलने घाऱ्या पोरीला तपकिरी डोळा दिला, म्हणून चांगला चाललेला धंदा सोडून हे शिकलात. माझं तोंड वाढलं तसा दर वेळी नवीन डोळा करून दिलात. शाळेत मला कुणी एकदाही काही बोललं नाही बाबा, कुणाला कळलंच नाही. आणि मी तुम्हाला सांगू की आता जमत नाही तुम्हाला? माझी जीभच रेटली नाही.

वडील: आणि बाकीची गिऱ्हाइकं? तो बस कंडक्टर? ती शाळकरी पोर?

मुलगी: गेले सगळे बारक्याकडे. एकेक करून.

वडील: पोरीचं काय झालं?

मुलगी: मधे वर्षभर शाळेत काळा चष्मा लावून बसायची. मग आईने बारक्याकडे नेलं. आता नाही लावत.

वडील: वर्षभर.

आत्या: पुरे कर गं आता. सगळं एकदम कशाला ओततेस त्याच्या अंगावर?

वडील: ओतू दे. बारक्या काय म्हणाला? हसला असेल.

मुलगी: नाही. पहिल्यांदा मी गेले तेव्हा तुमचा डोळा उजेडात धरून बघितला, पुसून परत डबीत ठेवला. मग म्हणाला, ताई, मास्तरांना कळू देऊ नका.

वडील: …त्या गाढवाला सांग, शीर अजून चुकतेय म्हणावं. बाकी काम माझ्यापेक्षा बरं आहे.

मुलगी: तुम्हीच सांगा. येईल तो.

वडील: येईल. पण एक मिनिट. तू आत्ता म्हणालीस, डबीत बारक्याचा आहे.

मुलगी: हो, म्हणजे… गोंधळ झाला. दोन्ही धुतले, टॉवेलवर ठेवले, घाईघाईत काढलेलाच परत उचलला गेला असेल. तुमच्या बाथरूममध्ये उजेड आहे कुठे?

वडील: बाथरूममध्ये नसेल. इथे आहे. झाकण काढून डबी खिडकीत धरलीस, आत बघितलंस आणि म्हणालीस, घ्या, हा बारक्याचा.

मुलगी: घाबरले होते मी. लक्ष नव्हतं.

वडील: तो डोळा काढ.

मुलगी: आता कशाला बाबा? झालं ना सगळं बोलून.

वडील: काढ म्हणतो ना. माझ्यासमोर कसली लाज? हा रुमाल पांढरा आहे, आत्याने कालच पुन्हा धुतलाय. ठेव ह्यावर. आता पलीकडे तोंड कर.

मुलगी: लहान मुलांचा खेळ चाललाय का?

वडील: वळ आता. बघ. मी केलेला कुठला?

मुलगी: …डावीकडचा.

वडील: नक्की?

मुलगी: उजवीकडचा असेल मग.

वडील: हात लावू नकोस, बोटांनी ओळखायचं नाही. डोळ्याने सांग.

मुलगी: दोन्ही सारखेच दिसतात मला बाबा.

वडील: सारखे.

मुलगी: जवळपास. ढगाळ आहे आज, म्हणून.

वडील: बाहेर ऊन आहे.

आत्या: अगं बाई… तुला फरकच दिसत नाही? मला चष्म्याशिवाय दिसतोय!

वडील: तू थांब जरा. बाळ, हे कधीपासून?

मुलगी: काय कधीपासून? चाळिशी उलटूनही जमाना झाला, थोडं कमी दिसणारच. सगळ्यांनाच होतं.

वडील: सगळ्यांना दोन असतात. संध्याकाळी समोरून गाडी आली की दिव्याला फाटे फुटतात?

मुलगी: फुटतात.

वडील: काय करतेस मग?

मुलगी: थांबते. भिंतीला धरून. गाडी गेली की पुढे जाते.

वडील: आणि तुझ्या कामावर, केमिस्टच्या दुकानात? औषधांवरची ती मुंगीएवढी अक्षरं?

मुलगी: गिऱ्हाइकालाच वाचायला लावते. म्हणते, नाव आणि ताकद तुम्हीच मोठ्याने वाचा, म्हणजे घरी चुकायचं नाही. लोकांना वाटतं, बाई किती काळजी घेते. मालकाने तर शाबासकी दिली मला.

वडील: मी निळा वाढवत होतो, तू हे चालवलंयस.

मुलगी: अजून कुणाला चुकीचं काही दिलेलं नाही.

वडील: मलाही वाटायचं की माझे सगळे बरोबर आहेत. डॉक्टरांना दाखवलंस?

मुलगी: तुम्हाला घेऊन गेले होते तेव्हाच. तुम्ही आत थेंब घालून बसला होतात, त्यांनी मला म्हटलं, या, तुमचाही बघतो. बघितला. म्हणाले, वय तसं फार नाही तुमचं, पण भिंग पिकलंय. काढून नवीन घालायला हवं.

आत्या: आणि तू आम्हाला एका शब्दाने बोलली नाहीस! त्या दिवशी घरी येऊन माझ्या हाताला हात लावून भाजी निवडलीस, आणि तोंडातून ब्र नाही?

मुलगी: काय बोलू आत्या? त्यांना म्हटलं, हा एकच आहे मला. तर ते खुर्चीत जरा मागे सरकले. इतका वेळ भराभर बोलत होते, मग सावकाश बोलायला लागले. म्हणाले, शंभरातल्या बहुतेकांचं चांगलंच होतं, पण तुमच्या बाबतीत आम्हीसुद्धा दहा वेळा विचार करतो, निर्णय तुमचा. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. तर म्हणतात, थांबलात तर भिंग कडक होत जाईल, मग काढणं अवघड.

वडील: तरी थांबलीस.

मुलगी: आत्ता गढूळ का होईना, दिसतंय बाबा. तुमचा चेहरा दिसतो. दार कुठे आहे, जिना कुठे संपतो ते कळतं. तुमचं काही बिघडलं असतं तर दुसरा होता. माझं बिघडलं तर? टेबलावर झोपायचं आणि उठल्यावर काहीच नाही, असं झालं तर? चांगलं झालं तरी पहिली रात्र पट्टी असणार. मला अंधार म्हणजे पूर्ण अंधार. मला नाही जमणार ते.

वडील: इकडे ये. तोंड वर कर.

मुलगी: भिंग नको.

वडील: भिंगाशिवाय बघतो. इतकी वर्षं तुझ्या ह्या डोळ्याकडे बघून त्या डोळ्याचा रंग जुळवला मी. जगात सगळ्यात जास्त वेळ मी काय बघितलं असेल तर हा डोळा. आणि मगाशी खोटा बघून नाचत होतो, ह्याच्याकडे लक्षच गेलं नाही. बाहुलीत राखाडी आलंय. काळी नाही राहिली ती.

मुलगी: मला माहीत आहे.

वडील: डोळ्याखाली केवढं काळं झालंय तुझ्या. थकलीयस गं. माझ्या डोळ्यांपुढे तू अजून तिशीतच होतीस. मोतीबिंदूत सगळ्यांचेच चेहरे गुळगुळीत दिसतात, मी समजत होतो पोरगी मजेत आहे.

मुलगी: रडू नका. डोळ्याला चालत नाही अजून.

वडील: मंगळवारी माझ्या दुसऱ्या डोळ्याची तारीख आहे. मला नको ती. एक पुरे आहे मला. डॉक्टरांना सांगू, तिला घ्या माझ्या जागी.

मुलगी: मी हो म्हटलेलं नाही.

वडील: मग नाही म्हण. म्हण ना! आणि दुकानात एके दिवशी गिऱ्हाईक बहिरं निघू दे, किंवा अडाणी निघू दे, तेव्हा कुणाला वाचायला लावशील?

आत्या: दादा, अंगावर नको जाऊस तिच्या.

वडील: नाही जात. मला दुसरं काही येत नाही म्हणून ओरडतोय.

मुलगी: लहानपणी मला कधीच भीती वाटायची नाही, ठाऊक आहे? शाळेत चेंडू यायचा तोंडावर, पोरी किंचाळायच्या, मी उभीच. वाटायचं, हाही गेला तर बाबा दुसरा करतील.

वडील: ठाऊक होतं मला. तुझ्या आईने सांगितलं होतं, तिला खरं काय ते समजावा म्हणून. मी टाळत राहिलो. बरं वाटायचं मला ते ऐकून.

मुलगी: मग आज समजवा.

वडील: ज्याने दिसतं तसला मला करता येत नाही, बाळ. कधीच येत नव्हता.

मुलगी: …किती वाजता आहे मंगळवारी?

वडील: सकाळीच. मी येतो तुझ्या घरी न्यायला. तोवर रस्ता एकटी ओलांडू नकोस.